शाल-श्रीफळ राहू द्या, तळमजल्याच्या खोलीची किल्ली द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
तसेच ३ जानेवारीच्या सत्कार समारंभाचे आयोजक,
भांडुप (पश्चिम), मुंबई

विषय: ज्यांचा सत्कार करणार आहात, त्यांनाच दिलेली नोटीस मागे घेण्याबाबत

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या गेटवर फ्लेक्स लागला. सावित्रीबाई फुले जयंतीला, ३ जानेवारीला, सर आणि बाईंचा ‘आदर्श दांपत्य’ म्हणून जाहीर सत्कार होणार आहे. मानपत्र, शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, नंतर अल्पोपाहार. वाचून बरे वाटायला हवे होते. पण फ्लेक्सवर ज्या अध्यक्ष-सचिवांचे हात जोडलेले फोटो आहेत, त्यांच्याच सह्यांची नोटीस दिवाळीच्या तोंडावर सरांच्या दाराला चिकटवली होती. ‘निवासी सदनिकेत विनापरवाना शिकवणी वर्ग’, ‘पॅसेजमध्ये चपलांचा ढीग’, ‘लिफ्टचा अतिवापर’, ‘बाहेरील मुलांचा वावर’. पंधरा दिवसांत वर्ग बंद करा, नाहीतर दंड. ती नोटीस आजही कायम आहे. म्हणजे ज्या कामासाठी आपण ३ तारखेला हार घालणार, त्याच कामासाठी ४ तारखेला दंडाची पावती फाडायला मोकळे.

मी हे ग्रुपवर विचारले. ‘ताई, तो विषय वेगळा आहे,’ असे उत्तर आले आणि त्याखाली कुणीतरी गुड मॉर्निंगचे गुलाब टाकले. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते खुले. सर-बाईंची नावे यात मुद्दाम घातलेली नाहीत. वस्तीत त्यांना कुणी नावाने हाक मारतच नाही आणि सरांना आपले नाव छापून आलेले खपत नाही. फ्लेक्सवर छापले ते आपण त्यांना विचारून छापले का, तेही एकदा कळू द्या.

नव्या सभासदांसाठी थोडे मागचे सांगते. सर लालबागला राहायचे, गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, बदली कामगार होते. दिवसा साच्यावर उभे राहायचे आणि पाळी जुळेल तशी रात्रशाळा करायचे. मॅट्रिक तिथूनच झाले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो कसा संपला, की संपलाच नाही, हे गिरणगावातल्या माणसांना सांगायला नको. सरांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. लालबागची खोली सोडून दोघे भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी आले. सर एका कंपनीत रात्रपाळीचे वॉचमन झाले, बाई बालवाडीत लागल्या. आसपास त्यांच्यासारखीच संपात भरडलेली बिऱ्हाडे होती आणि त्यांची मुले शाळेतून निघून गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर लागत होती. वर्ग सुरू झाला तो तेव्हा. प्लायवूडच्या तुकड्याला जुन्या सेलमधली काळी पूड पाल्यात घोटून फासायची, सुकला की झाला फळा. तो फळा दर गणपतीनंतर नव्याने काळा करायचे काम आमच्याकडे असायचे. हात दोन दिवस काळे राहायचे आणि आम्ही ते मुद्दाम धुवायचो नाही.

सरांबद्दल आपले वक्ते बोलतीलच. गणित, इंग्रजी, त्यांचे ते ‘पायरी लिहा, उत्तर नंतर’. मला बाईंबद्दल लिहायचे आहे, कारण फ्लेक्सवर बाईंचे नावच नाही. सरांच्या नावापुढे ‘यांचा सपत्नीक सत्कार’, एवढ्यावर त्यांची बोळवण केली आहे, तीही सावित्रीबाईंच्या जयंतीला.

बाईंकडे एक लांबट चोपडी असते, वाण्याकडे उधारी लिहायची असते तसली. त्यात मुलांची नावे, आणि नावापुढे शाळा सुटली त्याची तारीख आणि कारण. ‘बाप दारू’, ‘लहान भाऊ सांभाळते’, ‘गावी नेले’, ‘पाळी आल्यापासून येत नाही’. कारण कळले की बाई त्या घरी जाऊन बसतात. भाषण करत नाहीत. भाजी निवडू लागतात आणि मध्येच विचारतात, ‘मग सोमवारपासून पाठवता ना?’ माझे नावही त्या चोपडीत आहे. नववीत असताना माझे वडील गेले आणि आई मला सोबत घेऊन धुण्याभांड्याच्या कामाला जाऊ लागली. बाई आमच्याकडे इतक्यांदा आल्या की शेवटी आईच कंटाळून हो म्हणाली. पुढच्या वर्षी बाईंनी १७ नंबरचा फॉर्म भरला, त्याची फी भरली आणि बाहेरून दहावीला बसवले. आज मी मुलुंडच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. आपल्या बी विंगमध्ये माझ्या नावावर घर आहे आणि म्हणून मी या संस्थेची सभासद आहे. मला बोलायचा हक्क कुठून आला, असे कुणी विचारलेच तर एवढे पुरे.

शिकवणे हे बाईंच्या कामातले सोपे काम. अवघड आहे ते कागदांचे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी. वाचायला किती छान! आता तो अर्ज भरून बघा. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, जातीचा दाखला, नाहीतर वर्षाला एक लाखाच्या आतले उत्पन्न दाखवणारा तहसीलदारांचा दाखला. आणि मग तो नकाशा. पोर्टलवर आपले घर कुठे आहे ते लाल फुगा सरकवून दाखवावे लागते, कारण शाळा घरापासून किती अंतरावर आहे त्यावर नंबर लागतो. टेकडीवरच्या गल्लीला ना नाव, ना पाटी. आई-बापाच्या मोबाइलवर बोट जरा घसरले की फुगा तीन गल्ल्या पलीकडे. सोडतीत नंबर लागतो आणि पडताळणीत प्रवेश रद्द होतो, ‘पत्ता जुळत नाही’ म्हणून. बाई चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल नाकाला लावून तो फुगा पत्र्या-पत्र्याने सरकवतात. ‘ही निळी ताडपत्री दिसते ना, ती शेजारणीची. त्याच्या डावीकडे घे.’

२०२४ मध्ये तर कमाल झाली. फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला: जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला ही २५ टक्क्यांची अट लागू नाही. मुंबईत एक किलोमीटरवर महापालिकेची शाळा नाही अशी जागा शोधून दाखवा. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, जुलैत तो बदलच रद्दबातल केला. निकाल चांगला लागला. पण एप्रिलमध्ये भरलेले अर्ज मे महिन्यात पुन्हा भरावे लागले, आणि आमच्या भागातले ते बाईंनी पुन्हा भरले, त्याच पाय दुमडून बसायच्या जागेवर. निकालाची बातमी मी त्यांना सांगितली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘बरं झालं. पण पोरांचा जून गेला ना.’

शिवाय हा कायदा आठवीपर्यंतच. नववीला तीच शाळा पूर्ण फी मागते आणि आठ वर्षे त्या बाकावर बसलेले पोर बाहेर पडते. त्या वयाच्या मुलांसाठी सर-बाई कुणाकुणाकडे हात पसरतात ते मी लिहिणार नाही, त्यांना आवडणार नाही.

आता आपल्या इमारतीकडे येते.

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आपल्याला ३०० चौरस फुटांची घरे मिळाली. सर-बाई चौदाव्या मजल्यावर. संध्याकाळी पलंग उभा करून भिंतीला टेकवायचा, चटया टाकायच्या, स्वयंपाकाच्या ओट्याखालीही दोन मुले. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. ही काय हौस आहे? हौस नाही, नाइलाज आहे, आणि तो समितीने आणलेला आहे. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या ३३(१०) खाली होणाऱ्या योजनांमध्ये बालवाडी, कल्याण केंद्र, युवा केंद्र किंवा ग्रंथालय अशा सोयींसाठी जागा ठेवावी लागते. आपल्या मंजूर नकाशातही तळमजल्यावर जिन्याला लागून ‘युवा केंद्र / ग्रंथालय’ असे स्पष्ट लिहिले आहे. ज्यांनी नकाशा पाहिला नसेल त्यांनी पाहावा, तो समितीच्या दप्तरी असायला हवा. त्या खोलीला कुलूप आहे. खिडकीतून डोकावले तर आत मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या, गणपतीचे मखर आणि कुणाचा तरी जुना फ्रिज दिसतो. कल्याण केंद्राचा हॉल हळद, बारसे आणि साड्यांचे सेल यांना भाड्याने जातो. त्याला माझी हरकत नाही, हळद आमच्याकडेही होते. पण त्या भाड्याचा हिशेब नोटीस बोर्डावर एकदाही लागलेला मला दिसला नाही.

नोटिशीतल्या तक्रारी खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. सहा वाजता मुले येतात तेव्हा लिफ्टपुढे खरेच गर्दी होते, डायलिसिसहून परतलेल्या ए विंगच्या काकांना थांबावे लागते. चौदाव्या मजल्यावरचा पॅसेज चपलांनी भरतो. शेजारच्यांची मुलगी बारावीला आहे, तिला आवाजाचा त्रास होतो. हे सगळे मान्य. पण वर्ग तळमजल्यावर आला तर यातली कोणती तक्रार उरते? लिफ्ट नको, पॅसेज नको, बाईंना चौदा मजले चढ-उतार नको. सरांनी त्या खोलीसाठी अर्ज दिला होता. त्यावर ‘पुढील सभेत विचार करू’ असा शेरा आहे. सभा झाली, खोलीचा विषयच निघाला नाही. मुले मध्यंतरी जिन्याच्या लँडिंगवर बसू लागली, तर तिथला दिवा हालचालीवर लागणारा. वाचत स्थिर बसले की अंधार. मग एक जण दर दोन मिनिटांनी हात हलवायचा. शेवटी वॉचमनला सांगून त्यांना उठवले गेले. वरळीत सुदाम काळू अहिरे मार्गावर रस्त्याच्या दिव्याखाली मुलांच्या पिढ्या शिकल्या, लोक तिला अभ्यास गल्लीच म्हणतात. तिथे निदान दिवा बंद होत नाही.

खरी अडचण मात्र चपलांची नाही, लिफ्टची नाही. ती नोटिशीच्या शेवटच्या ओळीत आहे: ‘बाहेरील मुले’. समितीतल्या एकाने सरांना तोंडी सुचवले होते की फक्त आपल्या बिल्डिंगची मुले घेत असाल तर खोलीचे बघू. सर नाही म्हणाले. गोष्ट तिथे अडली आहे, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

कोण आहेत ही बाहेरची मुले? सर्वेक्षण झाले तेव्हा ज्यांच्याकडे १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा होता ते पात्र ठरले, त्यांना घर फुकट मिळाले. ज्यांचे रेशनकार्ड २००५ च्या पुराच्या पाण्यात वाहून गेले, ज्यांचे मतदार यादीत नाव चुकीचे छापले, जे भाड्याने राहत होते, ते अपात्र. ती माणसे आता टेकडीवर अजून वर सरकली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांसोबत आपण एका नळावर भांडलो आहोत. आज त्यांच्या मुलांची गेटवर वहीत नोंद होते, दप्तर उघडून बघितले जाते. डिलिव्हरीवाल्याचे दप्तर कुणी उघडत नाही. आपण ‘आतले’ कधीपासून झालो? आपल्या पायाखाली टाइल्स लागल्या तेव्हापासूनच ना? ज्यांना कागद नव्हते म्हणून घर मिळाले नाही, त्यांच्या मुलांचे कागद जमवत बाई वर्षानुवर्षे बसल्या आहेत, आणि त्याच मुलांना आत येऊ देत नाही ती समिती त्या कामाचा गौरव करणार आहे. मानपत्रात ‘तळागाळातील’ हा शब्द असेलच. तेव्हा तळागाळ गेटच्या कुठल्या बाजूला उभा असेल, तेही वाचून दाखवा.

जयंतीचे औचित्य साधलेच आहे, तर याच मुंबईतली एक गोष्ट सांगते. ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी सभा भरवून जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच्या सहा वर्षे आधी, १९ ऑक्टोबर १८८२ च्या निवेदनात, जोतीरावांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाकडे काय मागितले होते? प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, उच्च शिक्षणावर उधळता तो पैसा खाली वळवा. पदवी द्यायला लोकांना सहा वर्षे लागली. मागणी देशभरच्या हक्काच्या कायद्यात उतरायला १२७. मला इथे सर-बाईंची तुलना कुणाशी करायची नाही, त्या दोघांना ती ऐकवणारही नाही. पण सत्काराला खर्च येत नाही आणि मागणी मान्य करायला येतो, एवढे त्यातून आपल्यालाही कळावे.

सत्काराबद्दल मी सर-बाईंना विचारले. सर म्हणाले, ‘बघू.’ बाई म्हणाल्या, ‘शाल ठेवायला जागा कुठंय? कपाटात पोरांची पुस्तकं आहेत.’

मागण्या अशा आहेत.

ऑक्टोबरची नोटीस ३ जानेवारीच्या आधी लेखी मागे घ्यावी. तोंडी ‘सोडून द्या हो’ चालणार नाही, कारण समिती बदलते आणि कागद राहतो.

मंजूर नकाशातले ‘युवा केंद्र / ग्रंथालय’ रिकामे करून सायंकाळी सहा ते दहा या वेळेत अभ्यासिकेसाठी खुले करावे. खुर्च्या आणि मखर ठेवायला गच्चीवरच्या टाकीखालची खोली आहे. दिवे, पंखे आणि स्वच्छतागृह चालू स्थितीत असावे. विजेचे बिल माजी विद्यार्थी वर्गणी काढून भरायला तयार आहेत, त्याचे पत्र मी स्वतंत्रपणे देते.

अभ्यासिकेत येणारे मूल आपल्या इमारतीचे आहे की नाही, ही अट नसावी. नावनोंदणी असावी, ओळखपत्र असावे, आठ वाजल्यानंतर लहान मुलांना न्यायला घरचे माणूस यावे, हे नियम आम्ही स्वतःच केले आहेत. दप्तरे उघडणे मात्र आजपासून बंद करावे.

हॉलच्या भाड्याचा गेल्या तीन वर्षांचा हिशेब नोटीस बोर्डावर लावावा.

आणि फ्लेक्स बदलून बाईंचे पूर्ण नाव, सरांच्या नावाइतक्याच आकारात, छापावे. याला फार तर एका दिवसाचे काम आहे.

समितीला हे आपल्या अधिकारात ठरवता येत नसेल तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. कायद्याप्रमाणे त्यासाठी एक पंचमांश सभासदांची लेखी मागणी पुरते. सह्या गोळा करायला सुरुवात झाली आहे, कागद माझ्याकडे आहे. डायलिसिसवाल्या काकांनीही सही केली आहे, आणि चौदाव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनीही, ‘खाली गेले तर सुटलो’ असे म्हणत का होईना.

सत्कार रद्द करा असे मी म्हणत नाही. नोटीस मागे घेतली आणि खोली उघडली, तर कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायला आम्ही माजी विद्यार्थी स्वतः येऊ. त्या खोलीतल्याच खुर्च्या आहेत, बाहेर काढाव्याच लागतील. दहावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे आणि पूर्वपरीक्षा त्याआधी, म्हणून उत्तर डिसेंबर संपण्यापूर्वी आणि लेखी मिळावे, ही विनंती.

आपली,
बी विंगमधील एक सभासद आणि सर-बाईंची विद्यार्थिनी